एका नंबरावरची नऊ मुलं

या शाळेचं वेळापत्रक गेली एकोणीस वर्षं एकाच हातचं आहे. पाचवीला भाषा आणि गणित शिकवणाऱ्या या बाई सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात घरच्या जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरतात, पट्टीने रकाने आखतात आणि बावीस शिक्षक, चौदा वर्ग आणि एक प्रयोगशाळा एकमेकांच्या अंगावर येणार नाहीत अशी पेन्सिलीने बसवतात. शिक्षकांच्या खोलीत त्यांचं नाव वेळापत्रकबाई. तोंडावर नुसतं बाई. या वर्षाच्या सुरुवातीला शाळेत वाचन तपासणारी बारा टॅब्लेटं आली. ती घेण्याआधी तंत्रज्ञानप्रमुख कोणाला करायचं, असा प्रश्न निघाला तेव्हा मुख्याध्यापकांनी समोरच्या फायलीतून डोकं वर न काढता सांगितलं, "बाईंना करा. त्यांना रकाने भरता येतात." एवढ्या पात्रतेवर नेमणूक झाली.

टॅब्लेटचं काम सोपं होतं. मूल समोर बसतं, पडद्यावरचा उतारा मोठ्याने वाचतं, यंत्र ऐकतं आणि एक ते पाच यांपैकी एक पातळी देतं. वर्षाच्या शेवटी चार किंवा पाच आलेली मुलं सहावीच्या पहिल्या तुकडीत जाणार होती. तिथे प्रयोगशाळा आणि दुसरी भाषा. तीन किंवा त्याखालची मुलं पायाभरणीच्या तुकडीत. तिथे त्या दोन्ही तासांच्या जागी वाचनाचा सराव. एकदा तिथे गेलेलं मूल सहसा दहावीपर्यंत तिथेच राहतं, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुठेही लिहिलेलं नाही.

याआधी ही यादी शिक्षक एका खोलीत बसून करत. त्यावरून दरवर्षी पालकांची भांडणं होत. अमक्याचा मुलगा डॉक्टरांचा म्हणून वर गेला, तमकीची आई गप्प बसते म्हणून मुलगी खाली राहिली. या आरोपांत काही वेळा तथ्यही असे. यंत्र आणण्यामागे मुख्याध्यापकांचं कारण त्यांच्या मते न्यायाचंच होतं. "आकडा दाखवला की माणूस वाद घालत नाही," ते म्हणत.

यंत्र घेण्याआधी कंपनीचा माणूस प्रात्यक्षिकाला आला होता. सतत हसतमुख, म्हणून शिक्षकांनी त्याचं नाव हसऱ्या ठेवलं. तासभर त्याने पडद्यावर रंगीत आलेख दाखवले. शेवटी म्हणाला, "काही शंका?" बाईंनी एकच प्रश्न विचारला होता. एकदा चार्ज केलं की किती वेळ चालतं? सहा तास, असं उत्तर मिळालं. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं आणि शिफारशीवर सही केली.

हे सगळं त्यांना पुन्हा आठवलं ते वर्षाच्या शेवटच्या महिन्यात. मधल्या सुट्टीत वर्गाच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. दोन्ही मनगटांवर भाजल्याचे जुने, आडवे डाग. हातात शाळेचा छापील कागद, चार घड्या घातलेला.

"वेळापत्रकवाल्या बाई तुम्हीच का?"

"हो. तुम्ही?"

"मी बातमीची मावशी."

बातमी म्हणजे पाचवीतली एक मुलगी. तिची आई दूरच्या शहरात कामाला. मुलगी मावशीकडे राहते. मावशी कपड्यांच्या दुकानात इस्त्री करते. इस्त्री झालेले कपडे जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळतात आणि ही मुलगी संध्याकाळी दुकानात बसून ते कागद गुंडाळले जाण्याआधी मोठ्याने वाचते. वर्गात आली की कालची, कधी दोन वर्षांपूर्वीची बातमी ताजी म्हणून सांगते. त्यावरून मुलांनी नाव पाडलं.

मावशीने कागद उलगडला. पातळी दोन. पायाभरणीची तुकडी.

"दवाखान्याची चिठ्ठी मला हीच वाचून दाखवते. गोळी जेवणाआधी की नंतर, हीच सांगते. आणि तुमचं मशीन म्हणतंय हिला वाचता येत नाही?"

"मावशी, यंत्र कोणाचं तोंड बघून आकडा देत नाही."

"तोंड नाही बघत, ते बरंच आहे हो. पण कान आहेत ना त्याला?"

मावशी चिडलेली नव्हती. तिला परत कामावर जायचं होतं आणि उत्तर हवं होतं. बाईंनी मुलीला बोलावलं, कपाटातलं सहावीच्या पुढचं एक पुस्तक काढलं आणि मधलंच पान उघडून दिलं. मुलगी वाचू लागली. पान संपलं तेव्हा तिने न थांबता उलटलं. दोन पानांनंतर मान वर करून विचारलं, "पुढचं पण वाचू?"

"बस," बाई म्हणाल्या. मावशीला त्या म्हणाल्या, "बघते मी."

"बघते म्हणजे?"

"म्हणजे मला अजून कळलेलं नाही."

मावशीने कागदाच्या पुन्हा चार घड्या घातल्या. "कळलं की सांगा. आमच्याकडे फोन नाही. दुकानाचा आहे, तो मालकाच्या खिशात असतो."

त्या आठवड्यातच बाईंच्या टेबलावर दुसरा कागद आला होता. यंत्राचा एका वर्षाचा करार संपत होता. पुढची तीन वर्षं, आणि पाचवीऐवजी सगळ्या इयत्तांसाठी घ्यायचं की नाही, यावर तंत्रज्ञानप्रमुखांनी पुढच्या शुक्रवारपर्यंत लेखी शिफारस द्यायची होती. मागच्या वर्षीची शिफारस नमुन्यासाठी सोबत जोडली होती. खाली त्यांचीच सही.

बाईंनी हसऱ्याला फोन लावला.

"यंत्र पातळी ठरवतं ती कशावरून?"

"मॅडम, ते अल्गोरिदम आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे ते आपलं आपण ठरवतं. अतिशय अचूक आहे. तुमच्याकडे आलेख आहेत ना?"

"आहेत. एक मुलगी फाडफाड वाचते आणि तिला दोन आलेत."

"घाबरली असेल, मॅडम. मुलं घाबरतात."

बातमी कशालाही घाबरत नाही, हे फोनवरून समजावणं अवघड होतं.

रविवारी दुपारी बाई नणंदेकडे गेल्या. नणंद वयाने मोठी, एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं रक्त तपासते. स्वभावाने रोखठोक, भावजयीशी तिचं पटतं ते दोघींनाही गोड बोलायचा कंटाळा आहे म्हणून.

"ताई, तुमच्याकडे नवीन मशीन आलं की ते बरोबर सांगतंय हे कसं ओळखता?"

"कंपनी सांगते म्हणून तर नाहीच ओळखत," नणंद म्हणाली. "महिनाभर जुनं आणि नवं शेजारी शेजारी चालवायचं. एकच रक्त दोन्हीकडे लावायचं. जिथे जुळत नाही तिथे थांबायचं आणि का जुळत नाही ते शोधायचं. तुम्ही काय केलंत?"

"आम्ही सही केली."

"वा. शिकलेली माणसं तुम्ही."

बाईंनी चहा ढवळला. "आमच्याकडे जुनं मशीन नाही."

"आहे की. तू आहेस. चोवीस वर्षं मुलांचं वाचन ऐकतेयस ना? मग ऐक. पण एक कर. आधी मशीनचा आकडा बघायचा नाही. बघितलास की तुझा कान त्याच्यामागे जातो. आणि तुझ्या लाडक्यांना निवडू नकोस. हजेरीतलं दर तिसरं नाव घे."

पाचवीच्या दोन वर्गांत मिळून चौऱ्याऐंशी मुलं. दर तिसरं म्हणजे अठ्ठावीस. सोमवार ते बुधवार, रिकाम्या तासांना, जिन्याखालच्या नकाशांच्या खोलीत बाईंनी एकेका मुलाकडून कुणीही न वाचलेलं पान वाचून घेतलं. घड्याळ लावलं, चुका मोजल्या, स्वतःचा आकडा लिहिला आणि आवाज फोनवर घेऊन ठेवला. बुधवारी मधल्या सुट्टीत यंत्राचे आकडे शेजारच्या रकान्यात उतरवले.

एकवीस जुळले. सात जुळले नाहीत.

बाईंना वाटलं होतं, यंत्र एकतर खोटं ठरेल नाहीतर खरं. तसं झालं नाही. सातपैकी एक मुलगा अडखळत बोलणारा. तो पहिल्या अक्षरावर थांबतो, पण वाचतो अचूक. यंत्राने त्याचा प्रत्येक थांबा चूक धरला होता. हा दोष यंत्राचा. दोन मुलं अशी निघाली की बाईंनी चार दिले होते आणि यंत्राने तीन. बाईंनी त्यांचे आवाज दोनदा ऐकले. वर्गातला सर्वांत बडबड्या, हजरजबाबी मुलगा शब्दाची सुरुवात बघून पुढचं स्वतःच्या मनाने ठोकून देत होता. एका पानात सहा शब्द कागदावर नसलेले. बाईंचा कान ते मुकाट दुरुस्त करून घेत होता, कारण मुलगा त्यांना आवडायचा. तिथे यंत्र बरोबर होतं आणि वर्षभर बाई चुकत होत्या. दुसऱ्या मुलाचंही तसंच निघालं. त्यांनी स्वतःचे दोन्ही आकडे खोडून तीन केले.

उरली चार मुलं. चौघांनाही यंत्राने दोन किंवा तीन दिले होते आणि चौघंही चारच्या वर वाचत होती. बातमी धरून पाच. वेगवेगळे वर्ग, वेगवेगळ्या वस्त्या, तीन मुली, दोन मुलगे. एकाचा आवाज घोगरा, बाकीच्यांचे स्वच्छ. बाईंना एकच गोष्ट समान दिसत होती. ही पाचही मुलं ज्या घरांतली होती तिथून शाळेत भांडायला कोणी येत नाही. मावशी सोडली तर. यंत्राला हे कसं कळलं असेल, या विचाराने त्या दिवशी त्यांना शिकवणं जमलं नाही. मुलांना उदाहरणं देऊन त्या खिडकीजवळ उभ्या राहिल्या.

उत्तर गुरुवारी सकाळी कार्यालयात सापडलं. शाळेचे लेखनिक, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, नोंदणीची छापील यादी चाळत होते. बाईंनी ती मागून घेतली. नाव, जन्मतारीख, पत्ता, पालकाचा मोबाइल. शेवटच्या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं. तो नंबर त्यांच्या ओळखीचा होता. त्यांचा स्वतःचा होता. नऊ ठिकाणी. त्या नवांत ती पाचही मुलं होती.

वर्षाच्या सुरुवातीला नोंदणीचा अर्ज त्यांनीच भरला होता. मोबाइलचा रकाना भरल्याशिवाय पडदा पुढे सरकत नव्हता. नऊ मुलांच्या घरी फोन नव्हता किंवा नंबर बंद पडला होता. मुदत दुसऱ्या दिवशीची. भाऊसाहेबांचा या कार्यालयात एक नियम आहे, आणि तो शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाच्या हाडीमाशी खिळला आहे. रकाना रिकामा सोडायचा नाही. रिकाम्या रकान्याचा कागद वरून परत येतो. त्यामुळे या शाळेत वडील नसलेल्या मुलापुढे मामाचं नाव पडतं, घर नसलेल्यापुढे शाळेचा पत्ता. बाईंनी नऊ जणांपुढे आपला नंबर टाकला. खाली एक चौकट होती: "हा नंबर पालकाचाच असून त्यांची संमती घेतली आहे." तिच्यातही खूण केली. मुलांची अडचण दूर केली, असंच त्यांना वाटलं होतं.

त्यांनी तिथूनच हसऱ्याला फोन केला. या वेळी प्रश्न नेमका होता. एकाच नंबरावर जास्त मुलं नोंदली तर यंत्र काय करतं?

"अरे, ती तर आमची खास सोय आहे मॅडम," तो उत्साहाने म्हणाला. "एक नंबर म्हणजे एक कुटुंब. भावंडांची पूर्ण चाचणी परत परत घ्यायची नाही. पहिल्याची पातळी काढायची आणि बाकीच्यांना तिथूनच सुरू करायचं. वेळ वाचतो."

"आणि मग वर चढायचं कसं?"

"दर सत्राला फार तर एक पातळी. त्याहून वेगाने चढवत नाही, मुलांवर ताण येतो ना."

बाईंनी यादी पाहिली. त्यांच्या नंबरावर सर्वांत आधी नोंदलेला मुलगा वर्गात खरोखर मागे होता. पातळी एक. म्हणजे नऊही मुलं एकवर सुरू झाली. वर्षात सत्रं दोन. बातमीने वर्तमानपत्र वाचलं असतं की शब्दकोश, तिची पातळी तीनच्या वर जाणं शक्यच नव्हतं. पहिल्या तुकडीला चार लागत होते.

"हे दुरुस्त करता येईल?"

"सत्र बंद झालंय मॅडम. शाळेचं पत्र लागेल, नोंदणी चुकीची झाली होती असं. कोणी केली ते नाव, पद, सही." मग त्याने जोडलं, "सिस्टिम बरोबर आहे. एंट्री चुकली आहे."

ते खरं होतं, पण अर्धंच. भावंडांची वाचनाची पातळी सारखी असते, हे ठरवताना कंपनीने कोणत्या भावंडांना विचारलं होतं? बाई स्वतः आणि त्यांचा अभियंता भाऊ एका घरात वाढले. भाऊ अजून पत्र वाचताना ओठ हलवतो. प्रात्यक्षिकाच्या दिवशी विचारायचे प्रश्न हे होते. त्यांनी बॅटरीचं विचारलं होतं.

संध्याकाळी नवरा कामावरून आला. तो बसगाड्यांच्या डेपोत सुटे भाग सांभाळतो. बाईंनी भाजी चिरता चिरता सगळं सांगितलं. तो पाणी प्यायला, पेला ठेवला आणि म्हणाला, "नऊ पोरांची आई झालीस आणि मला पत्ताच नाही."

"गंमत करू नका हो."

"बरं. पण दर शनिवारी तुझा फोन टुणटुण वाजायचा तो हाच का?"

सुरी थांबली. दर शनिवारी सकाळी नऊ संदेश येत. "प्रिय पालक, आपल्या पाल्याची या आठवड्याची प्रगती." बाईंनी पहिल्याच महिन्यात ती घंटी बंद करायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तेव्हा त्या न उघडता सगळे पुसून टाकू लागल्या. वर्षभर मुलांची माहिती त्यांच्याच पर्समध्ये येत होती आणि बाहेर टाकली जात होती. त्या मुलांच्या घरी एकही संदेश पोचला नव्हता.

"निवृत्तीला किती राहिली तुझ्या?" नवऱ्याने विचारलं.

"चार वर्षं."

"संमतीच्या चौकटीत खूण केलीस, ती कोणाला दिसते?"

"आत्तापर्यंत कोणाला दिसली नाही."

त्याने पेला धुऊन पालथा घातला. त्याचं म्हणणं काय होतं ते दोघांनाही समजलं होतं.

शुक्रवारी पहिल्या तासाला बाईंनी नऊपैकी उरलेल्या चौघांचं वाचन ऐकलं. नऊ जणांचा हिशोब असा निघाला: सहा जण चार किंवा वर, एक तीन, दोन खरंच कच्ची. मग त्या मुख्याध्यापकांकडे गेल्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. माणूस वाईट नाही. तीस वर्षांत त्यांनी कोणत्याही मुलाची फी थकली म्हणून दाखला अडवलेला नाही. त्यांना फक्त कागदांची भीती वाटते.

"त्या इस्त्रीवाल्या बाईंच्या मुलीचं मी बघतो," ते म्हणाले. "पहिल्या तुकडीत एक जागा आहे. तोंडी सांगून टाकतो."

"आणि बाकीचे पाच, सर?"

"बाकीच्यांचं कोण विचारायला आलंय?"

वाक्य तोंडून निघून गेल्यावर मुख्याध्यापकांनाही ते ऐकू आलं असावं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"बाई, समजून घ्या. पत्र दिलं तर संमतीचा विषय निघेल. पालकांना न विचारता मुलांची माहिती बाहेर दिली, आवाज दिले, असा अर्थ होतो. चौकशी तुमच्यावर लागेल. आणि माझ्यावरही लागेल, मी पण सही केलीय. शिफारस साधी द्या. चारच ओळी. यंत्र समाधानकारक आहे. एकवीस जुळलेच की तुमचे."

"एकवीस जुळले हे लिहिणारच आहे, सर."

"आणि सात?"

"तेही."

मुख्याध्यापकांनी खिडकीबाहेर पाहिलं. मैदानावर कवायतीची रांग वाकडी झाली होती. "मला दाखवायला आणू नका," ते म्हणाले. "बघितलं तर मला थांबवावं लागेल."

बाईंनी शिफारस मधल्या सुट्टीत हाताने लिहिली. दीड पान झालं. पहिल्या परिच्छेदात स्वतःची चूक: कोणत्या तारखेला, किती मुलांपुढे, कोणता नंबर, कोणत्या चौकटीत खूण. मग अठ्ठावीस मुलांचे आकडे, स्वतःच्या दोन चुकांसह. मग मत. यंत्र बहुतेक मुलांचं बरोबर ऐकतं आणि शिक्षकाच्या लाडकेपणाला फसत नाही. ते ठेवायला हरकत नाही. पण त्याच्या एकट्याच्या आकड्यावर कोणत्याही मुलाची तुकडी ठरवू नये. अडखळत बोलणाऱ्या मुलाला त्याच्यापुढे बसवू नये. आकडा चुकला तर तो बदलण्याचा अधिकार शाळेकडे असेल तरच करार करावा, तोही एकाच वर्षाचा. मोबाइल नसलेल्या घरासाठी रकाना रिकामा ठेवता आला पाहिजे.

कागद घेऊन त्या भाऊसाहेबांसमोर उभ्या राहिल्या. भाऊसाहेबांनी उभ्या उभ्या वाचला. रकान्याच्या वाक्याशी आल्यावर त्यांच्या भुवया वर गेल्या.

"याला जावक क्रमांक द्यायचा?"

"द्यायचा."

"बाई, मी सांगतो ते ऐका. क्रमांक पडला की हा कागद तुमचा राहत नाही. आत्ता घरी न्या, सोमवारी आणा. तोवर डोकं थंड होईल."

"मुदत आज आहे, भाऊसाहेब. आणि सोमवारी मी आणणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

"म्हणूनच म्हणतोय."

"म्हणूनच द्या."

भाऊसाहेबांनी नोंदवही उघडली, तारीख घातली, क्रमांक लिहिला आणि तोच कागदाच्या कोपऱ्यात टाकला. शिक्का मारताना त्यांनी नेहमीपेक्षा कमी जोर लावला. शिक्का अर्धवट उठला. बाईंनी कागद परत पुढे सरकवला. त्यांनी दुसऱ्यांदा मारला.

पुढचं सगळं बाईंच्या मनासारखं झालं नाही. संस्थेच्या सभेत त्यांना दहा मिनिटं बोलावलं. त्यातली आठ मिनिटं संमतीच्या चौकटीवर गेली. एका सदस्याने विचारलं, "तुम्ही गणित शिकवता ना? मग एवढं कसं कळलं नाही?" बाई म्हणाल्या, "मी विचारलंच नाही, म्हणून कळलं नाही." ते उत्तर इतिवृत्तात आलं नाही. करार तीन वर्षांचा झाला, सगळ्या इयत्तांसाठी. मोबाइलच्या रकान्याचं कंपनीने पुढच्या आवृत्तीत बघू असं कळवलं. बाईंना लेखी समज मिळाली. ती त्यांच्या सेवापुस्तकात लागली. नऊ मुलांच्या घरी शाळेने पत्रं पाठवली, त्यांत झाला प्रकार सांगितला होता, पण इतक्या वळणावळणाने की दोन घरांनी ती आपल्या मुलाच्या तक्रारीची समजली.

एक गोष्ट मात्र झाली. कागदाला क्रमांक होता, त्यामुळे त्याचं उत्तर देणं भाग होतं. नऊ मुलांना तीन शिक्षकांसमोर पुन्हा वाचायला बसवलं, आणि अडखळणाऱ्या मुलालाही. सात जण पहिल्या तुकडीत गेले. बडबड्या मुलगा पायाभरणीत गेला. त्याच्या वडिलांनी शाळेत येऊन बाईंना नको नको ते ऐकवलं, मुद्दाम केलंत म्हणाले. बाईंनी त्यांना मुलाचा आवाज ऐकवायचा प्रयत्न केला. त्यांनी ऐकला नाही.

मावशीला सांगायला बाई स्वतः दुकानात गेल्या. वाफेने काच धुरकट झाली होती. मावशीने इस्त्री उभी केली, ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे चूक मशीनची नव्हती?"

"त्याचीही होती. आधी माझी होती."

मावशीने इस्त्री झालेला शर्ट कागदात गुंडाळला. आभार मानावेत की भांडावं, हे तिचं ठरत नव्हतं. "मी आले नसते तर?" तिने विचारलं.

बाईंकडे याचं उत्तर होतं. मावशीकडेही होतं. तिने इस्त्री पुन्हा उचलली.

नवीन वर्षाच्या पहिल्या आठवड्यात कार्यालयात नोंदणी चालू होती. तंत्रज्ञानप्रमुख आता संगणक शिकवणारी तरुण शिक्षिका आहे. वेळापत्रक अजून बाईंकडेच. ते दुसऱ्या कोणाला जमत नाही. त्या खडूंची पेटी घ्यायला आत आल्या तेव्हा शिक्षिका पडद्याकडे बघत बसली होती.

"बाई, हे पुढेच जाईना. नंबर मागतंय."

"किती मुलं आहेत?"

"अकरा. सगळ्या इयत्तांची मिळून." तिने आवाज खाली आणला. "मुदत उद्याची आहे. तात्पुरता माझा टाकू का? पालक मिळाले की बदलेन."

बाईंनी खडूंची पेटी टेबलावर ठेवली. "तात्पुरता म्हणूनच मीही टाकला होता."

"मग काय करू? रिकामं ठेवलं तर ही अकरा यंत्रातच नसतील."

"नसतील," बाई म्हणाल्या. तो प्रश्न त्यांनाही सुटलेला नव्हता. यंत्रात नसलेल्या मुलांचं पुढे काय होतं, हे त्यांना माहीत नव्हतं. यंत्रात चुकीची असलेल्यांचं काय होतं, एवढंच माहीत होतं. त्यांनी एक कोरा कागद ओढला, पट्टीने रकाने आखले आणि शिक्षिकेला म्हणाल्या, "नावं सांग."

अकरा नावं झाली. मोबाइलच्या रकान्यात बाईंनी काहीही लिहिलं नाही, आडवी रेघसुद्धा नाही. खाली दोन ओळी: या मुलांच्या घरी फोन नाही, यांची नोंदणी कशी करायची ते कंपनीने लेखी कळवावं, तोवर यांचं वाचन शिक्षक ऐकतील. शिक्षिकेने सही केली. शेजारी बाईंनीही केली, त्यांचा आता संबंध नसताना.

शिक्षिकेने कागद भाऊसाहेबांपुढे धरला. त्यांची नजर अकरा रिकाम्या चौकटींवरून हळूहळू खाली आली. त्यांनी पेन हातात घेतलं, ठेवलं, पुन्हा घेतलं. मग काही न विचारता जावक नोंदवही उघडली.